माचू पिचू, कमी पैशात, आणि सोबत ६१ वर्षांची आई. जमेल का?

उंटावरची_शहाणी

मंडळी नमस्कार. बरीच वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

मी ह्यूस्टनला असते. आई ऑक्टोबरपर्यंत माझ्याकडे आहे. पेरूला जाऊन माचू पिचू, म्हणजे इंकांचं डोंगरावरचं जुनं शहर, बघायचं हे माझं कॉलेजपासूनचं खूळ, आणि सप्टेंबरमध्ये माइल्सवर लिमाची दोन तिकिटं मिळतायत. मला वाटलेलं आई म्हणेल तू जाऊन ये. तर ती म्हणाली, "मी इथे एकटी भिंतींशी बोलत बसू का? मीपण येते." झालं.

आता विमानभाडं सोडून दोघींचे मिळून बाराशे डॉलर आहेत आणि नऊ दिवस. जिथे वाचावं तिथे हेच की सगळ्यात जास्त पैसे ट्रेन खाते आणि वाचवायचे असतील तर हिद्रोएलेक्त्रिका नावाच्या ठिकाणापर्यंत व्हॅनने जायचं, पुढचे दहा-अकरा किलोमीटर रुळांच्या कडेने चालत. आईचे गुडघे ठीक आहेत, बीपीची गोळी चालू आहे, रोज पाच किमी चालते. कोकणातली आहे, त्यामुळे "चढउताराचं मला काय सांगतेस" हे ऐकून झालंय. हे करावं का? का मुकाट्याने ट्रेनचे पैसे भरावेत? आणि अजून कुठे वाचवता येईल?

टवाळ_पोर

तुम्ही काकूंना नेताय की काकू तुम्हाला? पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

खिशाला_भोक

मी हा रूट दोन वर्षांपूर्वी जून एंडला केलाय त्यामुळे थोडं अधिकारवाणीने बोलतो. कुस्कोहून सकाळी साडेसहाला व्हॅन, येऊनजाऊन ९० सोल दिले होते (डॉलरला साधारण साडेतीन-पावणेचार सोल धरा), सहा तास म्हणतात पण सात लागतात कारण सांता मारियाला जेवायला थांबवतात आणि ड्रायव्हरचा कोणी ना कोणी मावसभाऊ वाटेत भेटतोच. दुपारी दीडला हिद्रोएलेक्त्रिकाला उतरलो. तिथून पुढे रुळाच्या कडेने पायवाट, जवळजवळ सपाट, एका बाजूला नदी, केळी, मधेमधे पाणी-बिस्किटं विकणाऱ्या बायका. एका ठिकाणी मान वर केली की पार आकाशात भिंतीची कड दिसते आणि लक्षात येतं की अरे, तिथे जायचंय. ट्रेन आली की शिट्टी मारते, बाजूला उभं राहायचं. शेवटी बोगदे येतात, त्यात शिरू नका, खालून रस्ता आहे.

आग्वास कालिएंतेसला, म्हणजे माचू पिचूच्या पायथ्याच्या गावाला, साडेचारला पोचलो. डॉर्मला ४० सोल. दुसऱ्या दिवशी वर जायला बस न घेता पायऱ्या चढलो, सव्वा तास लागला. माचू पिचूचं तिकीट १५२ सोल धरूनही कुस्को ते कुस्को साडेतीनशे सोलच्या आत बसवलं. ट्रेनने एका बाजूचेच साठ-सत्तर डॉलर सहज जातात.

एकच गोष्ट: चिलटाएवढी एक माशी चावते. चावते तेव्हा काही कळत नाही, रात्री कळतं. हाफ पँट घालू नका. मी घातली होती.

शेंगदाणा

वाचनखूण साठवली.

घाटमाथा

चालण्याबद्दल सगळे लिहितात, त्या व्हॅनबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून लिहितो. चालणं हा त्यातला सोपा भाग आहे. काकू रोज पाच किमी चालत असतील तर दहा किमी सपाट त्या हसत करतील. व्हॅन मात्र आब्रा मालागा नावाच्या खिंडीतून जाते, उंची ४३१६ मीटर. तिथून एका दमात पार सांता मारियापर्यंत खाली, वळणावर वळण, कानात दडे. सांता तेरेसाच्या पुढे कच्चा रस्ता आणि एका बाजूला सरळ दरी. आमच्या गाडीत दोघंजण पिशवीत ओकले आणि तिसरा त्यांच्याकडे बघून. सात तास हे सहन करून मग चालायचं, आणि परवा पुन्हा तेच उलट.

खिशाला_भोक, तुम्ही तेव्हा किती वर्षांचे होता ते पण लिहा.

खिशाला_भोक

२६. बरं, मुद्दा मान्य.

गोळीऔषध

मी डॉक्टर आहे पण इथे तपासल्याशिवाय सल्ला देत नाही, त्यामुळे हे फक्त तुमच्या डॉक्टरला काय विचारायचं त्याची यादी समजा.

तुम्ही लिमाहून, म्हणजे समुद्राच्या पातळीवरून, सव्वा-दीड तासात कुस्कोला ३४०० मीटरवर उतरणार. माचू पिचू स्वतः २४३० वर आहे. म्हणजे लोक ज्याला घाबरतात ते ठिकाण कुस्कोपेक्षा हजार मीटर खाली आहे! त्रास होतो तो कुस्कोत, पहिल्या दोन रात्री. डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं. फिटनेसचा याच्याशी फारसा संबंध नाही, मॅरेथॉनवाले पण आडवे होतात. म्हणून साधा उपाय: विमानतळावरून बाहेर पडा आणि कुस्कोत न थांबता थेट खाली सेक्रेड व्हॅलीत जा. ओयांतायतांबो २८०० मीटरच्या आसपास आहे. तिथे दोन रात्री काढा, माचू पिचू करा आणि कुस्को शेवटी ठेवा. ह्याला जास्तीचे पैसे लागत नाहीत, फक्त क्रम उलटा करायचा.

डायमॉक्सबद्दल (उंचीच्या त्रासावरची गोळी) डॉक्टरला विचारा, सल्फाची ॲलर्जी असेल तर नक्की सांगा, आणि बीपीच्या गोळीत पाणी काढणारं औषध आहे का तेही दाखवा. पहिल्या दिवशी जड जेवण नको, दारू नको.

टवाळ_पोर

दारू नको, सपाट चाल, लवकर झोप. ही ट्रिप आहे की पथ्य?

पोटोबा

व्हेज असाल तर हे पाठ करून जा. तिकडे "सिन कार्ने" म्हणजे "मांस नको" असं आपल्याला वाटतं. त्यांच्या लेखी कार्ने म्हणजे मुख्यतः बीफ वगैरे. मी ऐटीत "सिन कार्ने" सांगितलं, पोराने मान डोलावली आणि चिकन घेऊन आला. चेहरा एकदम निरागस. मग "सिन पोयो" शिकलो तर मासा आला. तिसऱ्या दिवशी मी आख्खी जंत्री म्हणायला लागलो, कार्ने नको पोयो नको पेस्कादो नको, आरतीच्या चालीत.

किन्वाचं सूप सगळीकडे मिळतं पण पाणी बहुतेक वेळा कोंबडीचं असतं, विचारा. हमखास म्हणजे उकडलेला टपोऱ्या दाण्यांचा मका आणि चीज, बटाटे (किती प्रकारचे ते मोजू नका), आणि चिफा म्हणजे तिकडची चायनीज हॉटेलं, तिथे व्हेज फ्राइड राइस करून देतात. दुपारी "मेनू देल दिया" लिहिलेली पाटी शोधा. १०-१५ सोलमध्ये सूप, जेवण आणि सरबत. आग्वास कालिएंतेसमध्ये मात्र सगळं दुप्पट.

उंटावरची_शहाणी

पोटोबा, आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली मी सातूचं पीठ घेऊन जाते.

गोळीऔषध, क्रम उलटा करायचा हे डोक्यातच आलं नव्हतं, खूप धन्यवाद. म्हणजे कुस्को शेवटी.

आता तिकिटांचं बघायला गेले तर सर्किट एक, दोन, तीन, आणि त्यात अ, ब, क... हे काय प्रकरण आहे? मला वाटलं गेटवर गेलं की गड आपला.

लिमाकर

लिमात सहा वर्षं आहे, पाहुण्यांना पाठवून पाठवून हे तोंडपाठ झालंय.

गड आपला नाही. २०२४ पासून तीन सर्किट आणि त्यात मिळून दहा वाटा आहेत, तिकिटावर जी वाट आणि जी वेळ लिहिलीय तीच. एकदा बाहेर पडलात की परत आत नाही. तुमच्या डोक्यात जो फोटो आहे (मागे सुळका, पुढे अवशेष) तो वरच्या बाजूने दिसतो, म्हणजे सर्किट एक किंवा दोन. एक म्हणजे फक्त वरून बघणं. दोन म्हणजे वरून बघून मग खाली अवशेषात फिरणं. तीन खालून जातं, तो मागचा सुळका, वायना पिचू, चढायचा असेल तर ते तिसऱ्यात येतं, त्याचे २०० सोल. पहिल्यांदा जाणाऱ्याने डोळे मिटून दोन घ्यावं, आणि म्हणूनच ते सगळ्यात आधी संपतं.

दिवसाला ४५०० माणसं, काही ठरावीक गर्दीच्या दिवसांत ५६००. तिकीट सांस्कृतिक मंत्रालयाच्या साइटवरूनच काढा. सर्च केलं की तशाच दिसणाऱ्या दहा साइट वर येतात, त्या तेच तिकीट वीस-तीस डॉलर जास्त लावून विकतात. नाव पासपोर्टप्रमाणे तंतोतंत, गेटवर मूळ पासपोर्ट बघतात.

सगळ्यात महत्त्वाचं: आधी माचू पिचूची तारीख पक्की करा, मग ट्रेन, मग विमान. लोक नेमकं उलटं करतात आणि मग इथे येऊन रडतात.

शेंगदाणा

पण रोज हजार तिकिटं आग्वास कालिएंतेसमध्ये समोर मिळतात म्हणे ना?

लिमाकर

मिळतात. आधी रांगेचा नंबर घ्यायचा, मग नंबर लागला की तिकीट, आणि ते बहुधा दुसऱ्या दिवसाचं. म्हणजे गावात एक रात्र जास्तीची. पाठीवर सॅक आणि हातात वेळ असलेल्यांसाठी ठीक. आईला घेऊन नको.

जुना_जोगी

मला कळत नाही सगळे त्या एकाच ठिकाणी का धडपडतात. वेळ ठरवून दिलेली, वाट ठरवून दिलेली, जरा थांबलं की शिट्टी. हे काय बघणं झालं? त्यापेक्षा चोकेकिरावला जा. बांधणारे तेच इंका, तसंच बांधकाम, ३००० मीटरच्या वर, अपुरिमाकच्या दरीच्या कडेला. तिकीट ६० सोल. मी गेलो त्या दिवशी आम्ही सगळे मिळून चौदा जण होतो. पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांच्या भिंतीत पांढऱ्या दगडांचे लामा बसवलेत, समोर बसून डबा खाल्ला, कोणी हटकलं नाही.

टवाळ_पोर

जोगीबुवा, तिथे जायला गाडी जाते का हो?

जुना_जोगी

नाही. चालतच. दीड हजार मीटर खाली नदीपर्यंत उतरायचं आणि पलीकडे तेवढंच चढायचं. येताना पुन्हा.

टवाळ_पोर

म्हणजे ६१ वर्षांच्या काकूंसाठी अगदी योग्य. धन्यवाद.

घाटमाथा

जोगींचा मुद्दा चुकीचा नाहीये पण धागा वाचा ना. ज्यांना चालायचंय त्यांच्यासाठी चोकेकिराव आहे, साल्कांताय आहे (खिंड ४६०० च्या वर, पण परमिट लागत नाही, स्वतःचा तंबू असला तर स्वस्तात होतो). इंका ट्रेल (माचू पिचूपर्यंतची इंकांची जुनी पायवाट) म्हणाल तर तो बजेटवाल्यांचा नाहीच. हमाल-गाइड धरून दिवसाला ५०० माणसं, मान्यताप्राप्त एजन्सीशिवाय जाता येत नाही, परमिट महिनोन्महिने आधी संपतात, फेब्रुवारीत तर बंदच असतो. "आपण आपले स्वतः जाऊ" हे तिथे चालत नाही. सह्याद्रीतल्या सवयीने गेलेले दोघं मी चेकपोस्टवरून परत येताना बघितलेत.

सिव्हिलकाका

अवांतराबद्दल आधीच माफी, पण इतके जण जाऊन आलात आणि पाण्याबद्दल एकानेही लिहिलं नाही याचं वाईट वाटलं.

मी आयुष्यभर ड्रेनेजची कामं केली. तिथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. कोकणापेक्षा कमी, पण दोन सुळक्यांमधल्या खोगिरासारख्या डोंगरावर, उतारावर, आणि खाली भूकंपाच्या भेगा. आपल्याकडे असल्या जागी बिल्डरने बांधलं असतं तर तिसऱ्या पावसाळ्यात खाली नदीत. आणि हे साधारण १४५० पासून उभं आहे. केनेथ राइट नावाच्या अमेरिकन जलअभियंत्याने तिथे बरीच वर्षं मोजमापं केली, त्याचं म्हणणं की एकूण कामातलं निम्म्याहून जास्त काम जमिनीखाली आहे. पाया आणि निचरा. डोळ्यांना दिसतो तो वरचा मजला.

त्या पायऱ्यांच्या शेतांचं पोट बघा. सगळ्यात खाली मोठे दगड, मग खडी-वाळू, वर माती. पाणी मुरतं, वाहत नाही. झऱ्याचं पाणी ७४९ मीटर लांबीच्या पाटाने गावात आणलंय आणि मग एकाखाली एक अशा १६ कारंज्यांतून, म्हणजे दगडी पन्हळींतून, सोडलंय. पहिली पन्हळ राजाच्या घराशी. म्हणजे राजाला ताजं, बाकीच्यांना उरलेलं. तेवढं आपल्यासारखंच.

भिंतींना चुना नाही. दगडाला दगड घासून बसवलेला, भिंत आत झुकलेली, दारं-खिडक्या वर निमुळत्या. १९५० साली कुस्कोत भूकंप झाला तेव्हा इंकांच्या भिंतीवर स्पॅनिशांनी बांधलेला मठ पडला आणि खालची भिंत जागची हलली नाही. त्या जागेचं नाव "कोरिकांचा", कुस्कोत जाणार आहात तर बघाच. आणि हातुन रुमियोक गल्लीतला बारा कोनांचा दगड फुकट आहे, बजेटमध्ये बसेल.

शेंगदाणा

काका, दंडवत. हे वाचून मला आमच्या सोसायटीच्या गच्चीची आठवण आली आणि रडू आलं.

पायवाट

काकांनी विषय काढलाच आहे तर अजून थोडं अवांतर. माचू पिचू बिंगहॅम नावाच्या अमेरिकन संशोधकाने १९११ मध्ये "शोधलं" असं सगळे म्हणतात. तो गेला तेव्हा तिथे शेतकरी कुटुंबं राहत होती, शेती करत होती, त्यांच्यातलाच एक पोरगा त्याला वर दाखवायला घेऊन गेला. आणि त्याच्याही आधी १९०२ मध्ये आगुस्तिन लिझारागा नावाचा तिथलाच माणूस येऊन तीन खिडक्यांच्या देवळाच्या भिंतीवर स्वतःचं नाव आणि साल लिहून गेला होता. बिंगहॅमने ते स्वतः बघितलं आणि टिपून पण ठेवलं.

टवाळ_पोर

म्हणजे आपल्या गडांवर "बाळू + पिंकी" लिहिणारे भविष्यातल्या इतिहासकारांची सोय करतायत. आजपासून मी त्यांना शिव्या देणार नाही.

पायवाट

द्या, द्या, शिव्या द्या. इंतिवाताना नावाचा तिथला सूर्याचा दगड आहे, एवढी शतकं शाबूत होता, २००० साली बिअरच्या जाहिरातीचं शूटिंग करताना क्रेन पडली आणि त्याचा कोपरा उडाला.

आणि हो, उच्चार. स्थानिक लोक "पिक्चू" म्हणतात, मधला क नीट वाजवा. क गिळला की स्पॅनिशमध्ये भलताच अर्थ होतो. आमच्या गाइडने तीनदा म्हणून घेतलं आणि तीनही वेळा हसला. काय अर्थ होतो ते काकूंसमोर विचारू नका.

उंटावरची_शहाणी

आईने आत्ताच विचारलं. मी सांगितलं नाही.

सिव्हिलकाका, तुमचा प्रतिसाद तिने दोनदा वाचून घेतला. पण मंडळी, ट्रेन की व्हॅन ते राहिलंच की. आणि व्हिसा, लस वगैरे?

लिमाकर

भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा असेल आणि त्याची किमान सहा महिने मुदत बाकी असेल तर पेरूचा वेगळा व्हिसा लागत नाही. दोघींचे बघून घ्या. आणि तुम्ही स्वतः एच-वनवर असाल तर पासपोर्टवरचा स्टॅम्प जिवंत आहे ना? नुसत्या अप्रूव्हलच्या कागदावर पेरूहून अमेरिकेत परत शिरता येत नाही. माझ्या ओळखीचा एक जण इथे पाच आठवडे अडकला होता, बजेट ट्रिपच.

गोळीऔषध

पिवळ्या तापाची लस. पेरू भारताच्या यादीत आहे, त्यामुळे तिथून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि सर्टिफिकेट नसेल तर विलगीकरणात ठेवू शकतात. आई सप्टेंबरनंतर महिनाभर अमेरिकेतच असणार तर तो प्रश्न यायला नको. ही लस साठीच्या पुढे विचार करूनच देतात, त्यामुळे "घेऊन टाकू, कशाला रिस्क" असं करू नका, डॉक्टरशी बोला. भारतातून थेट पेरूला जाऊन थेट परत येणाऱ्यांनी मात्र प्रवासाच्या दहा दिवस आधी तरी घ्यायलाच हवी, सर्टिफिकेट दहा दिवसांनी लागू होतं.

घाटमाथा

माझा प्लॅन सांगतो, पटलं तर घ्या.

जाताना ट्रेन. कारण तुम्ही ओयांतायतांबोलाच असणार, तिथून पावणेदोन तासांत आग्वास कालिएंतेस, आई ताजीतवानी. मोठ्या बॅगा ओयांताच्या हॉटेलात ठेवू नका, कुस्कोच्या हॉटेलात आधीच पाठवा किंवा मुळात एकेकच सॅक न्या, ट्रेनमध्ये तसंही मोठं सामान घेऊ देत नाहीत. माचू पिचूला वर जाताना बस घ्या, १२ डॉलर माणशी, तिथे कंजुषी नको. उतरताना आईला विचारा, वाटलं तर पायऱ्यांनी या.

येताना हिद्रोएलेक्त्रिकाकडे चालत आणि तिथून व्हॅनने कुस्को. ही बाजू किंचित उताराची आहे, तोपर्यंत चार-पाच दिवस उंचीवर काढलेले असतील, आणि पोचायचंही कुस्कोलाच आहे. व्हॅन दुपारी अडीचच्या सुमाराला सुटतात, साडेदहाला चालायला लागा. आणि त्या दिवशी आईचा पाय दुखत असेल तर हिद्रोएलेक्त्रिकापर्यंत पण एक ट्रेन जाते, ती घ्या. दोघींचे मिळून शंभर डॉलर तरी वाचतील आणि चालण्याची हौस पण फिटेल.

शेवटी एक दिवस मोकळा ठेवा. हे पैसे वाचवण्यासाठीच सांगतोय. तिथे रूळ बंद पडतात, कधी पावसाने (२०१० च्या जानेवारीत हजारो लोक अडकले, हेलिकॉप्टरने काढावे लागले), कधी आंदोलनाने (२०२३ च्या सुरुवातीला माचू पिचूच काही आठवडे बंद होतं). विमान चुकलं की सगळी बचत गेली.

खिशाला_भोक

एकदम सहमत. आणि ओयांतात मुख्य अवशेषांचं तिकीट कुस्कोच्या बोलेतो तुरिस्तिकोत येतं. पूर्ण बोलेतो १३० सोल, १६ ठिकाणं, दहा दिवस चालतं. त्या अवशेषांच्या समोरच्या डोंगरावर पिंकुयुना आहे, इंकांची धान्याची कोठारं, ते फुकट. पायऱ्या उभ्या आहेत पण वरून समोरचा आख्खा किल्ला दिसतो. आणि विमानतळावरून ओयांताला टॅक्सी करू नका, कुस्कोतल्या पाविटोस रस्त्यावरून शेअर व्हॅन मिळते, १०-१५ सोल. काकू असतील तर पुढची सीट मागा.

जुना_जोगी

माचू पिचूच्या आत टॉयलेट नाही हे कोणी सांगितलं का? गेटच्या बाहेर आहे, दोन सोल, आत शिरण्याआधी जाऊन या, कारण परत शिरता येत नाही. ज्येष्ठांना काठी नेऊ देतात पण टोकाला रबर हवं. खायचं आत नेऊ देत नाहीत. म्हणजे सातू बाहेरच.

(बघा, मीपण कामाचं लिहितो.)

उंटावरची_शहाणी

सर्किट दोन, सकाळी आठचं मिळालं! दोघींचे ३०४ सोल गेले. घाटमाथांचा प्लॅन जसाच्या तसा उचललाय. आल्यावर लिहिते. धागा वर राहू द्या.

उंटावरची_शहाणी

आलो. पाच आठवडे झाले, लिहायचं राहिलं म्हणून आधी माफी मागते.

हिशोब आधी: विमानभाडं सोडून बाराशे ठरवलेले, तेराशे चाळीस झाले. जे वर गेलं ते सगळं आग्वास कालिएंतेसमधलं जेवण आणि आईने घेतलेल्या दोन शाली.

उंचीचा त्रास आईला शून्य. मला झाला. ओयांतात पहिल्या रात्री डोकं असं ठणकत होतं की मी भिंतीला टेकून बसून राहिले आणि ती कोकाची पानं विड्यासारखी जमवून, देठ खुडून, मला चहा करून देत होती. हॉटेलवाल्या बाईंनी तिला तीन पानं एकत्र धरून डोंगराकडे बघून फुंकर घालायला शिकवलं, तिकडे तसा नैवेद्य दाखवतात म्हणे. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, अर्धा तास गप्पा चालल्या होत्या.

माचू पिचूला आठ वाजता आत गेलो तेव्हा धुकं. म्हणजे पांढरा पडदाच. वाट एकाच दिशेने, मागून गर्दी, गार्ड म्हणतोय पुढे चला, आणि मी रडकुंडीला आलेले की एवढं करून काही दिसणार नाही. आई शांतपणे बुटाची नाडी सोडून परत बांधायला लागली. एक झाली, मग दुसरी. मग पहिली परत. गार्ड काही बोलू शकेना. तेवढ्यात खालची एक भिंत दिसली, नुसती कड, मग गवताचा हिरवा तुकडा, मग एकदम सगळंच. मी फोटो काढायचं विसरले. आई उठून उभी राहिली, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "गडगा बरा घातलाय."

सिव्हिलकाका, हे तुमच्यासाठी. तिच्या माहेरी आजोबा गडगे घालायचे, बिनचुन्याचे, चिऱ्याचे. खाली अवशेषात आल्यावर तिने एका सांध्यात नख घालून बघितलं, जातं का. गेलं नाही. शिट्टी मात्र वाजली. तिने गार्डला हात जोडले, त्यानेही जोडले. पन्हळी तिने सगळ्या मोजल्या असत्या पण सर्किटमधून जेवढ्या दिसल्या तेवढ्याच मोजता आल्या, त्याबद्दल ती अजून कुरकुरतेय.

परतीचं चालणं: पावणेतीन तास. ती पुढे, मी मागे. फुल पँट घातलेली होती, माशी मनगटाला चावली. व्हॅनबद्दल घाटमाथांनी जे लिहिलंय त्यातला एक शब्दही जास्त नाही. आब्रा मालागाच्या अलीकडे मी डोळे मिटले ते कुस्कोत उघडले. आई खिडकीशी बसून पूर्ण वेळ दरी बघत होती.

घाटमाथा

वाचून बरं वाटलं. पुढच्या वेळी काकूंनाच लिहायला सांगा.

सिव्हिलकाका

नख घालून बघितलं हे वाचून फार आनंद झाला. साइटवर मीही तेच करायचो. त्यांना माझा नमस्कार सांगा, आणि आजोबा चिरा कसा बसवायचे ते जमलं तर लिहून घ्या, वेगळा धागा काढू.

जुना_जोगी

गडगा बघायचाच असेल तर चोकेकिरावचा...

टवाळ_पोर

बुवा, नाही.

पोटोबा

जेवणाचं काय केलंत?

उंटावरची_शहाणी

आरती म्हटली. चालली. पण खरं सांगायचं तर कुस्कोच्या सान पेद्रो मार्केटमधल्या ज्यूसवाल्यांवर जगलो. ग्लास संपला की "यापा" म्हणायचं, मग उरलेलं परत ओततात, पैसे न घेता. आईला हा एक स्पॅनिश शब्द आला आणि पुरला. ती आता इथे ह्यूस्टनच्या कॉफीवाल्याला पण यापा म्हणून बघते.

शेंगदाणा

मी पुढच्या मेमध्ये जातोय. मार्केटमधला तो स्टॉल कुठला, नंबर सांगता का?

उंटावरची_शहाणी

नंबर बघितला नाही. आई म्हणते डावीकडून चौथी बाई, मिक्सरचं झाकण हिरवं आहे, आणि आधी बीट घालू नकोस म्हणून सांग.